मिठातलं दुसरं मीठ: पोटॅशियम क्लोराइड कोणाला चालतं, कोणाला नाही

जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५मध्ये मिठाबद्दल एक मार्गदर्शक सूचना जाहीर केली. मीठ कमी खा, हे तर संघटना कधीपासून सांगते आहे. नवीन होतं ते पुढचं वाक्य: मोठ्या माणसांना मीठ घालायचंच असेल, तर नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं, कमी सोडियमचं मीठ वापरावं. अशा मिठात सोडियमची जागा घेणारा पदार्थ बहुतेक वेळा एकच असतो, पोटॅशियम क्लोराइड. पाकीटबंद पदार्थांच्या वेष्टनावर तोच ‘आयएनएस ५०८’ किंवा ‘ई ५०८’ या क्रमांकानं येतो.

आता हे नाव इंटरनेटवर टाकून बघा. पहिल्या काही मिनिटांतच तीन गोष्टी कळतात. हे शेतात टाकायचं खत आहे. मृत्युदंड देताना हृदय बंद पाडायला हेच टोचतात. आणि हे किंचित किरणोत्सर्गीसुद्धा आहे. घाबरलेल्या माणसाची समजूत घालायची म्हणून यातली एखादी गोष्ट खोटी ठरवता आली असती तर बरं झालं असतं, पण तिन्ही खऱ्या आहेत. आणि तरीही जगातल्या बहुतेक निरोगी माणसांसाठी हा पदार्थ निर्धोक आहे. ज्यांच्यासाठी तो खरोखर धोकादायक आहे, त्यांचा धोका मात्र या तिन्हींपैकी एकाही गोष्टीत नाही.

हे आहे तरी काय

आपण ज्याला मीठ म्हणतो ते सोडियम क्लोराइड. त्यातला सोडियम काढून तिथे पोटॅशियम बसवला की झालं पोटॅशियम क्लोराइड. दिसायला पांढरं, खडेदार, पाण्यात सहज विरघळणारं, चवीला खारट. शेजारी ठेवलं तर नुसत्या नजरेनं फरक कळणार नाही. जीभ मात्र लगेच ओळखते, कारण खारटपणाच्या मागोमाग एक कडवट, धातूसारखी चव येते.

हा पदार्थ प्रयोगशाळेत जन्माला आलेला नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्रांच्या तळाशी मिठाचे थर साचले, त्यांत पोटॅशियम क्लोराइडचेही थर आहेत. या खनिजाला सिल्व्हाइट म्हणतात. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात जमिनीखाली खोलवर त्याचे प्रचंड साठे आहेत. मृत समुद्राचं पाणी उन्हात आटवूनही ते मिळवतात. खाणीतून निघतं तेव्हा ते साध्या मिठात मिसळलेलं असतं, कधी लोहामुळे तांबूसही दिसतं.

दोन्ही क्षार इतके सारखे, तर वेगळे करायचे कसे? इथे निसर्गानंच सोय करून ठेवली आहे. साधं मीठ थंड पाण्यात जेवढं विरघळतं, जवळपास तेवढंच उकळत्या पाण्यात विरघळतं. पोटॅशियम क्लोराइडचं तसं नाही. शून्य अंश सेल्सियसला १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे २८ ग्रॅम विरघळतं, तर १०० अंशांना सुमारे ५६ ग्रॅम. म्हणून गरम संपृक्त द्रावण थंड केलं की मीठ पाण्यातच राहतं आणि पोटॅशियम क्लोराइडचे स्फटिक खाली बसतात. हीच क्रिया पुन्हापुन्हा केली की शुद्धता वाढत जाते. खाद्य दर्जाच्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये ते किमान ९९ टक्के असावं लागतं आणि शिसं, आर्सेनिक वगैरेंवर कडक मर्यादा असतात.

खाण्यात घालायचं कशाला

मिठाचं काम फक्त चवीचं नाही. पावाचं पीठ घट्ट बांधलं जातं ते मिठामुळे, यीस्टची धावपळ आवरली जाते तीही मिठामुळे. चीज आणि मांसाच्या पदार्थांत जंतूंना वाढू न देण्यात मिठाचा वाटा असतो. म्हणून उत्पादकाला ‘सोडियम कमी करा’ असं सांगितलं की नुसतं मीठ काढून भागत नाही. काढलेल्या मिठाची कामं करणारं दुसरं काहीतरी लागतं. पोटॅशियम क्लोराइड यातली बरीच कामं करतं, म्हणून सूप, पाव, चीज, कुरकुरीत खाऊ यांच्या ‘कमी सोडियम’ आवृत्त्यांत ते दिसतं.

त्याची इतर कामंही आहेत. समुद्री शेवाळापासून मिळणारं कॅरागीनन नावाचं एक घट्ट करणारं द्रव्य आहे. त्याचा एक प्रकार पोटॅशियम मिळालं की चांगला टणक जमतो, त्यामुळे जेलीसारख्या पदार्थांत हे थोडंसं घालतात. खेळाडूंच्या पेयांत, बाळांच्या दुधाच्या भुकटीत, खनिजं मिसळलेल्या बाटलीबंद पाण्यात ते पोटॅशियमचा स्रोत म्हणून येतं.

आणि ज्यांना अजूनही हा काहीतरी भयंकर पदार्थ वाटतोय, त्यांनी ओआरएसच्या पाकिटाची मागची बाजू वाचावी. जुलाबानं कोरड्या पडलेल्या मुलांना द्यायच्या त्या द्रावणाच्या जागतिक सूत्रात एका लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. जुलाबावाटे पोटॅशियम वाहून जातं, ते भरून काढायला.

कडवटपणामुळे याच्या वापरावर आपोआप लगाम बसतो. मिठाचा साधारण पाव भाग बदलला तर बहुतेकांना फरक कळत नाही किंवा चालून जातो. त्याच्या फार पुढे गेलं की जेवणारा तोंड वाकडं करतो. म्हणूनच बाजारातली अनेक मिश्रणं ७५ टक्के साधं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड अशा प्रमाणात असतात. पूर्ण पोटॅशियम क्लोराइडचं ‘मीठ’ही मिळतं, पण त्याचा हिशेब वेगळा ठेवायला हवा. त्याच्याकडे पुढे येतो.

शरीरात गेल्यावर काय होतं

पोटॅशियम हे शरीराला परकं नाही. मोठ्या माणसाच्या अंगात ते सुमारे सव्वाशे ते दीडशे ग्रॅम असतं. पण त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत असतं. पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात, जेमतेम दोन-तीन ग्रॅम.

रांजण आणि वाटी अशी कल्पना करा. रांजण म्हणजे पेशी, वाटी म्हणजे रक्त. वाटीतली पातळी एका लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यातच राहायला हवी, कारण हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय तिच्यावर अवलंबून असते. आणि गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसानं दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम खायला हवं. म्हणजे अख्ख्या वाटीत असतं त्याहून जास्त पोटॅशियम आपण रोज तिच्यात ओततो आणि तरीही वाटी सांडत नाही.

का सांडत नाही, तर दोन सोयी आहेत. पहिली झटपट काम करते. जेवलो की इन्सुलिन वाढतं आणि ते साखरेबरोबर पोटॅशियमलाही रांजणात ढकलतं. पेशींच्या भिंतींवरचा एक पंप हे काम करतो. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७मध्ये हा पंप शोधला आणि त्यासाठी त्यांना तब्बल चाळीस वर्षांनी, १९९७मध्ये, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरी सोय सावकाश चालते पण अखेरचा हिशेब तीच चुकता करते: मूत्रपिंडं. खाल्लेल्या पोटॅशियमचा सुमारे ९० टक्के भाग लघवीवाटे जातो. किती सोडायचं हे अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ठरवतं.

वाटीला पाझरायला ही एकच मोठी जागा आहे. ती नीट चालू असेल तर मिठातलं पोटॅशियम ही चिंतेची बाब नाही. ती अर्धवट बुजली असेल तर तेच मीठ अडचणीचं ठरू शकतं. माझ्या मते या विषयातला एकमेव महत्त्वाचा प्रश्न ‘पोटॅशियम क्लोराइड चांगलं की वाईट’ हा नाहीच. ‘माझी मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकतात का’ हा आहे.

फायदा किती? आकडे काय सांगतात

जगात माणसं सरासरी दिवसाला सुमारे ११ ग्रॅम मीठ खातात. सल्ला पाच ग्रॅमपेक्षा कमी खाण्याचा आहे. जास्त सोडियमनं रक्तदाब वाढतो आणि पुरेशा पोटॅशियमनं तो उतरायला मदत होते. मिश्र मिठात दोन्ही गोष्टी एकदम साधतात, हे त्याचं आकर्षण.

कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात माणसं कमी आजारी पडतात का, हे बघायला चीनच्या ग्रामीण भागात एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ६०० गावं, २०,९९५ माणसं. सगळ्यांना आधी पक्षाघात होऊन गेलेला, किंवा वय साठ आणि त्यापुढे आणि रक्तदाब जास्त. अर्ध्या गावांना ७५-२५ प्रमाणातलं मिश्र मीठ दिलं, बाकीची नेहमीचंच वापरत राहिली. सरासरी पावणेपाच वर्षांच्या पाहणीनंतर मिश्र मिठाच्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी कमी आढळले. रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढण्याचं प्रमाण दोन्ही गटांत लक्षणीय वेगळं नव्हतं.

पेरूमध्येही सहा गावांत असाच प्रयोग झाला होता. तिथे रक्तदाबातली सरासरी घट छोटीशी होती, एक-दीड अंक. पण ज्यांना आधी उच्च रक्तदाब नव्हता त्यांच्यात तो नव्यानं होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

मिठाची डबी बदलण्याइतक्या साध्या गोष्टीसाठी हे आकडे दमदार आहेत. पण ते आपल्याला जसेच्या तसे लागू करण्याआधी एक पाहायला हवं. ग्रामीण चीनमध्ये खाल्लं जाणारं बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकात पडतं, त्यामुळे घरचं मीठ बदललं की बहुतेक सगळं मीठ बदलतं. ज्यांचा बहुतेक सोडियम पाकीटबंद आणि बाहेरच्या खाण्यातून येतो, त्यांनी घरची डबी बदलून एवढा फरक पडणार नाही.

दुसरी अडचण हाताची. मिश्र मीठ थोडं कमी खारट लागतं, म्हणून चिमूट मोठी होते. ७५-२५ मिश्रण तुम्ही पूर्वीपेक्षा एक-तृतीयांश जास्त घातलंत, तर सोडियम बरोबर होता तिथे परत येतो. वर पोटॅशियम जास्तीचं. गणित सोपं आहे, पण ‘कमी सोडियम’ असं छापलेलं असलं की हात सैल सुटतो आणि हे गणित कोणी करत नाही.

‘पण हेच टोचून माणसं मारतात ना?’

हो. अमेरिकेत १९८२पासून मृत्युदंडासाठी विषारी इंजेक्शन वापरलं जातं आणि त्याच्या मूळ पद्धतीत शेवटचं औषध पोटॅशियम क्लोराइड असतं. तिथे तीव्र द्रावण थेट शिरेत, क्षणार्धात ढकलतात. वरच्या भाषेत सांगायचं तर वाटीच एका झटक्यात भरतात. इन्सुलिनला, पेशींना, मूत्रपिंडांना काही करायला वेळच मिळत नाही.

जेवणातून येणारं पोटॅशियम आतड्यातून सावकाश, काही तासांत रक्तात उतरतं. तेवढ्या वेळात रांजण उघडलेला असतो आणि मूत्रपिंडं कामाला लागलेली असतात. खरं तर रुग्णालयातही ज्यांचं पोटॅशियम फार उतरलंय त्यांना हेच द्रव्य शिरेतून देतात, फक्त भरपूर पातळ करून आणि अगदी हळू. तीव्र स्वरूपातल्या कुप्या वॉर्डात हाताशी ठेवू नयेत, हा रुग्णसुरक्षेचा सर्वमान्य नियम त्यामुळेच आहे.

इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. तोंडावाटेसुद्धा एकदम खूप मोठी मात्रा घेतली तर धडधाकट माणसालाही धोका होऊ शकतो. पोटॅशियमच्या गोळ्या म्हणूनच मनानं घ्यायच्या नसतात. पण जेवणात चवीपुरतं पडणारं मिश्र मीठ आणि मूठभर गोळ्या यांत फार अंतर आहे. पाच ग्रॅम मिश्र मिठातून सुमारे ६५५ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात चारशेच्या आसपास असतं. म्हणजे दिवसभराच्या मिठातून साधारण दीड केळ्याएवढं.

‘खत आहे, शिवाय किरणोत्सर्गी आहे’

जगात निघणाऱ्या पोटॅशचा, म्हणजे पोटॅशियमच्या खनिज क्षारांचा, फार मोठा भाग खतात जातो हे खरंच आहे, कारण झाडांनाही पोटॅशियम लागतं. केळ्यात आणि बटाट्यात ते येतं कुठून? जमिनीतूनच. खताचं आणि खाण्याचं यांत फरक शुद्धतेचा आहे आणि तो फरक महत्त्वाचा आहे. खताचं पोतं स्वयंपाकघरात आणायचं नाही, एवढंच त्यातून निघतं.

किरणोत्सर्गाचं म्हणाल, तर निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियमच्या दहा हजार अणूंपैकी साधारण एक अणू पोटॅशियम-४० या अस्थिर प्रकारचा असतो. तो फळांतही असतो आणि तुमच्या हाडामांसातही. हे वाचत असताना तुमच्या शरीरात दर सेकंदाला असे चारेक हजार अणू फुटत आहेत. जास्त पोटॅशियम खाल्लं म्हणून तो साठा वाढत जात नाही. शरीर पातळी राखतं आणि जास्तीचं बाहेर टाकतं. हा मुद्दा इथेच सोडलेला बरा.

नियामक संस्था काय म्हणतात

संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांची मिळून एक तज्ज्ञ समिती आहे. खाण्यातल्या मिश्रकांची सुरक्षितता ती तपासते. पोटॅशियम क्लोराइडसाठी तिनं रोजच्या सेवनाची आकड्यातली कमाल मर्यादा घातलेली नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१९मध्ये त्याची पुन्हा तपासणी केली आणि प्रचलित वापरात सुरक्षिततेची चिंता दिसत नाही असं म्हटलं. अमेरिकेतही ते सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेल्या पदार्थांत मोडतं.

‘मर्यादा नाही’ याचा अर्थ ‘कितीही खा’ असा होत नाही. अपेक्षित परिणामाला लागेल तेवढंच वापरायचं, असा तो नियम आहे. आणि हे निष्कर्ष सर्वसाधारण लोकसंख्येसाठी आहेत. धोका नेमका त्या ‘सर्वसाधारण’च्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांना आहे.

खरा धोका कोणाला

जगात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मूत्रपिंडाचा दीर्घकाळचा आजार आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना तो असल्याचं ठाऊक नसतं. हा आजार बोलत नाही. काम बरंच ढासळेपर्यंत दुखत नाही की खुपत नाही. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम हळूहळू चढत जाऊ शकतं आणि तेही गुपचूप. कधी स्नायूंत अशक्तपणा, कधी धडधड, पण पुष्कळदा काहीच नाही. ईसीजीत बदल दिसतात किंवा थेट हृदयाची लय बिघडते.

दुसरा गट औषधं घेणाऱ्यांचा आणि माझ्या लेखी सगळ्यात जास्त दुर्लक्षित. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही अत्यंत उपयोगी, सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडांना पोटॅशियम धरून ठेवायला लावतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या, उदाहरणार्थ रामिप्रिल, एनालाप्रिल. ज्यांच्या शेवटी ‘सार्टन’ येतं त्या, टेल्मिसार्टन, लोसार्टन. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड यांचा परिणाम तर अधिक ठळक. ट्रायमेथोप्रिम हे जंतुनाशक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन, हीसुद्धा याच यादीत. मधुमेह बरीच वर्षं असेल तर दोन्ही सोयी एकदम दुबळ्या होतात, इन्सुलिनची आणि मूत्रपिंडांची. अ‍ॅडिसनच्या आजारात अल्डोस्टेरॉनच कमी पडतं.

यातली विसंगती लक्षात आली का? मीठ कमी करा असं सर्वांत कळकळीनं कोणाला सांगितलं जातं? रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांना. दुकानात जाऊन ‘कमी सोडियम’ची डबी कौतुकानं उचलणारे तेच. आणि वरच्या गोळ्या घेणारेही तेच. ज्याला गरज जास्त, त्यालाच जपून राहण्याची गरजही जास्त. अशी गोळी चालू आहे म्हणून मिश्र मीठ वर्ज्यच आहे असं नाही, पण निर्णय रक्ततपासणी बघून व्हायला हवा, डबीवरची हिरवी पानं बघून नव्हे.

आणखी एक. गोळी एकाची असते, मीठ सगळ्या घराचं. मुलाच्या रक्तदाबासाठी आणलेलं मीठ वडिलांच्या थकलेल्या मूत्रपिंडांपर्यंतही पोचतं. चीनच्या त्या प्रयोगाच्या आखणीत हे धरलेलं होतं. सहभागी व्यक्तीलाच नव्हे, तर तिच्या घरातल्या कोणालाही मूत्रपिंडाचा गंभीर आजार असला किंवा पोटॅशियम वाढवणारी विशिष्ट औषधं चालू असली, तर त्यांना वगळलं होतं. प्रयोगाचे चांगले आकडे सांगताना ही अट बातम्यांत बहुधा गळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेतही लहान मुलं, गर्भवती आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना वगळलं आहे. शिवाय ती सूचना आपण स्वतः घालतो त्या मिठाबद्दल आहे, पाकिटातल्या आणि हॉटेलातल्या पदार्थांबद्दल नाही.

‘पर्यायी मीठ’ याआधीही फसलं होतं

शंका घेणाऱ्यांच्या बाजूनं इतिहासही आहे. अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या शेवटी हृदयरुग्णांसाठी मिठाचा पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. विषबाधा झाल्या, माणसं दगावली आणि १९४९मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं, त्यामुळे ज्यांनी आहारातून सोडियम तोडला होता त्यांच्या शरीरानं लिथियम अधिकच घट्ट धरून ठेवलं. ज्यांच्यासाठी ते आणलं, त्यांनाच ते बाधलं.

पोटॅशियमची गोष्ट वेगळी आहे, कारण ते शरीराला हवंच असतं आणि बहुतेक लोक ते कमीच खातात. पण ज्याच्यासाठी आणलं त्यालाच बाधण्याचा धडा जुना आहे, आणि तो विसरून चालणार नाही.

मग सरसकट सगळ्यांच्या मिठात घालावं का

हा प्रश्न वैयक्तिक नाही, धोरणाचा आहे. चीनसाठी केलेलं एक गणिती अनुमान २०२०मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. सगळ्या देशानं मिश्र मीठ वापरलं तर वर्षाला हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे सुमारे चार लाख साठ हजार मृत्यू टळतील, असं ते सांगतं. त्याच वेळी मूत्रपिंडाच्या रुग्णांत पोटॅशियम वाढल्यानं सुमारे ११ हजार जास्तीचे मृत्यू होतील, असंही. गोळाबेरीज नफ्याची आहे, नुसत्या मूत्रपिंडाच्या रुग्णांपुरतं पाहिलं तरी.

तरी मला ही गोळाबेरीज पूर्ण पटत नाही. वाचलेला माणूस आपण वाचलो हे कधीच जाणत नाही. गेलेल्याच्या घरच्यांना मात्र कारण विचारण्याचा हक्क असतो. म्हणून मिश्र मीठ सहज मिळावं, डबीवर पोटॅशियमचा आकडा आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीची सूचना ठळक असावी, आणि साधं मीठही शेजारी उपलब्ध असावं, इथपर्यंत मी येईन. न सांगता सगळ्यांच्याच मिठात मिसळण्याला माझी तयारी नाही.

वेष्टन वाचताना

घटकांच्या यादीत ‘पोटॅशियम क्लोराइड’, ‘५०८’ किंवा अमेरिकी मालावर ‘पोटॅशियम क्लोराइड सॉल्ट’ असं काही दिसतंय का पाहा. तिथल्या नियामकांनी २०२०मध्ये या शेवटच्या नावाला परवानगी दिली. पोषणाच्या तक्त्यात पोटॅशियमचा आकडा अमेरिकेत द्यावाच लागतो, युरोपीय संघात तसं बंधन नाही. त्यामुळे आकडा छापलेला नाही म्हणजे पोटॅशियम नाही, असं धरून चालू नका.

मिश्रणाचं प्रमाण बघा. एक ग्रॅम निव्वळ पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे ५२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे ७५-२५ मिश्रणाच्या चौपट. वर ज्याचा हिशेब वेगळा ठेवा म्हटलं ते हेच. ‘सोडियममुक्त मीठ’ म्हणून विकलं जातं ते बहुधा हे असतं.

गुलाबी, समुद्री, खडे असलेली मिठं ही कमी सोडियमची मिठं नव्हेत. रंग काहीही असो, ती जवळजवळ सगळी सोडियम क्लोराइडच आहेत. आणि मिश्र मीठ घेणार असाल तर त्यात आयोडीन घातलेलं आहे ना, हेही तपासा, कारण सगळ्या मिश्रणांत ते असतंच असं नाही.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काही असेल, साठी उलटली असेल किंवा वरच्या यादीतली गोळी चालू असेल, तर डबी बदलण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कितपत काम करतात हे त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम या दोन साध्या रक्ततपासण्या करून डॉक्टरांना विचारा. घरात असं कोणी असेल तर त्यांच्यासाठीही विचारा. आणि मिश्र मीठ आधीपासूनच वापरत असाल, तर रक्तदाबाची गोळी नव्यानं सुरू होताना किंवा बदलताना ते आवर्जून सांगा. ‘कोणती औषधं घेता?’ या प्रश्नाला मीठ हे उत्तर कोणाच्याच तोंडात येत नाही, आणि डॉक्टरही ते क्वचितच विचारतात.